पदरातला सरवा

मालनबाई ओव्हाळनं इस्रायलात जाऊन बटाटे चोरले, असं पाटोद्याच्या बाजारात तुम्हाला आजही कोणीतरी सांगेल. सांगणाऱ्याला खुशाल चहा पाजा आणि विचारा, बाबा, तू होतास का तिथं? तो नसणार. मी होते. बटाटे तिनं माझ्या डोळ्यांदेखत उचलले, पदरात बांधले आणि सोडायला सांगितल्यावर सोडले नाहीत. इथवर सगळं खरं आहे. त्याला चोरी म्हणायचं की नाही एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर देताना माझा आवाज चढतो, हे आधीच सांगून ठेवते.

मी मुक्ता, खापरवाडीच्या महिला दूध संस्थेची सचिव. दुधाची फॅट लावणं, दप्तर सांभाळणं आणि चेअरमनबाई काही बोलून बसल्या की मागून निस्तरणं, ही माझी कामं. चेअरमन म्हणजे मालनबाई. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतलं शेवटचं घर तिचं. अंगानं चिपाड, पण आवाज असा की तिनं पलीकडून हाक मारली तर अलीकडे माझी म्हैस कान टवकारायची. गुंठाभर जमीन नाही. लग्न झाल्यापासून दरसाल दिवाळी झाली की नवरा निवृत्तीसोबत ऊसतोडीला, ते थेट उन्हाळ्यापर्यंत. फडात नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. "दोन माणसं राबायची आन नाव लोखंडाचं," असं ती म्हणायची.

एका साली मुकादम बोलवायला आला, तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "आता न्हाई येत." तो म्हणाला, मग खाणार काय? ती म्हणाली, "दूध पिईन." आणि खरंच तिनं म्हैस घेतली. पण दूध घालायचं कुठं? गावात संस्था एकच, आप्पारावांची. आप्पाराव म्हणजे तालुक्याच्या दूध संघाचे संचालक, नदीकाठच्या काळ्या रानाचे मालक, आणि गावातल्या प्रत्येक सत्यनारायणाला पुढं बसणारे. त्यांच्या संस्थेवर मापाड्यानं मालनबाईला सांगितलं, "वस्तीचं दूध गावच्यात नगं, वायल्या कॅनात वता." ती किटली घेऊन तशीच माघारी फिरली. संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणाली, "मुक्ते, तू शिकलेली हाईस. आपलाच कॅन आणू."

अशी आमची संस्था निघाली. आधी वस्तीतल्या पाचसहा बायका, मग गावातल्याही आल्या. दूध सगळ्यांचं एकाच कॅनात. तेरा सालच्या दुष्काळात जनावरं छावणीत गेली, तेव्हा मालनबाईनं कॅन तिथं नेऊन उभा केला आणि एकही दिवस संकलन चुकू दिलं नाही. पुढं संघानं आम्हाला दूध थंड ठेवायची टाकी दिली. चाळीसच्या वर बायका दूध घालू लागल्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी अशा की ज्यांचा ऊसतोडीचा फेरा या दुधानं सुटला होता. संस्था बुडाली असती तर पुढच्या दिवाळीला त्या पुन्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसल्या असत्या, तान्ह्या पोरांसकट. आप्पारावांना मात्र ही संस्था आपल्या संस्थेत विलीन करून हवी होती. टाकीवर त्यांचा डोळा होता. आड येत होती ती एकटी मालनबाई.

पंधरा साली संघानं परदेश दौरा काढला. इस्रायल, आठ दिवस. शेती आणि दुग्धव्यवसाय बघायचा, प्रेक्षणीय ठिकाणं बघायची, तिथले लोक गरिबांसाठी शेतात राबतात तिथं आपणही एक दिवस राबायचं, आणि महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या ज्यू लोकांच्या गावात मुक्काम करायचा, असा बेत होता. दिमोना नावाच्या गावात मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं एक मंडळ होतं, त्यांनीच सगळं जमवलं होतं. महिला संस्थांना दोन जागा होत्या. एका जागेवर आप्पारावांनी आपल्या सुनेचं, छबुबाईचं नाव घातलं. छबुबाई आमचीच सभासद. तिला जायचं आहे का, हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

संघाच्या सभेत मालनबाई उठून उभी राहिली. "खापरवाडीच्या संस्थेची चेअरमन कोण हाय?"

सगळे आप्पारावांकडे बघू लागले.

"म्या हाय न्हवं? मंग छबुबाईचं नाव कावून?"

आप्पाराव हसले. ते तिला कधी चेअरमन म्हणत नसत, मालनबाईही नाही. "अगं मालन, इमानात बसावं लागतंय. तितं समदे इंग्रजी बोलतेत. तू काय करशील?"

"छबुबाई बोलती का इंग्रजी?"

"न्हाई."

"मी बी न्हाई. झाली की बराबरी."

सभा हसली, आणि एकदा सभा हसली की तिथं संचालकाचंही काही चालत नाही. मालनबाईचं नाव लागलं. सोबतीला सचिव हवी म्हणून दुसरी जागा तिनं मला मिळवून दिली. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस वस्तीत आला, तेव्हा निम्मी वस्ती तिला सोडवायला धावली. तिला पकडूनच नेणार, असं सगळ्यांनी धरलं होतं.

दौऱ्याचे पुढारी अर्थातच आप्पाराव. विमानतळावर आम्हाला घ्यायला एक पांढऱ्या केसांची म्हातारी आली होती. पायात बूट, अंगात पँट, डोळ्यांवर जाड चष्मा. मालनबाई पदर सावरून हात जोडायला गेली, तर म्हातारी म्हणाली, "या गो बायांनो, दमलात काय? जेवलात काय विमानात?"

मालनबाई जागच्या जागी थांबली. "बाई! तुमी तर आमच्यातल्याच!"

म्हातारीचं नाव शेगुलाबाई झिराडकर. माहेर अलिबागेजवळचं. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बाई वीस-बावीस वर्षांची असताना नवऱ्याबरोबर इकडे आली आणि वाळवंटात राहिली. मराठी तिनं सोडली नव्हती. आमची दुभाषी तीच.

मग आम्ही बघत सुटलो. खाऱ्या समुद्रात माणूस बुडत नाही म्हणतात, ते मालनबाईनं नऊवारीसकट उतरून पडताळलं आणि तरंगत तरंगत मला म्हणाली, "मुक्ते, आपल्या संस्थेला असं पाणी पायजे. कोणी बुडवायला आलं तरी बुडायची न्हाई." जेरुसलेमच्या भिंतीसमोर आप्पारावांनी डोळे मिटून फोटो काढून घेतला. गाईंच्या गोठ्यात गेलो तर तिथं पंखे, आणि वरून पाण्याचे फवारे. मालनबाई बराच वेळ बघत राहिली. तिकडे आमच्या वस्तीत टँकर येतो न येतो अशी गत होती. "हितं गाईला न्हाणी हाय," ती म्हणाली.

गुरुवारी शेतात राबायचा दिवस होता. मोठं थोरलं बटाट्याचं रान. यंत्रानं बटाटे काढून नेले होते. मागं मातीत बरेच राहिले होते. ते वेचून पेट्यांत भरायचे, पेट्या ट्रकनं शहरात जाणार आणि गरीब घरांत वाटल्या जाणार. देखरेखीला नोआ नावाची एक बाई होती, डोक्यावर टोपी, स्वभावानं हसरी. आमच्या मंडळींपैकी निम्मी माणसं फोटोपुरती वाकली आणि सावलीत जाऊन बसली. मालनबाईनं पदर खोचला आणि ओळीला लागली. तिच्यामागे मी. बोलत नव्हती, पण तोंडानं काहीतरी गुणगुणत होती, आणि तिला गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं. पेट्यांमागून पेट्या भरल्या. नोआ येऊन दोनदा काहीतरी कौतुकानं बोलून गेली.

काम थांबलं, सगळे बसकडे निघाले. मालनबाईनं शेवटच्या ओळीतले ओंजळभर बटाटे उचलले, पदराच्या टोकात घातले, गाठ मारली आणि चालू लागली. अगदी सहज, डोक्यावरचा पदर नीट करावा इतकं सहज.

मी समजले. आमच्याकडे ज्वारी काढून नेली की रानात मागं पडलेली कणसं, भुईमूग काढला की मातीत राहिलेल्या शेंगा, याला सरवा म्हणतात. बिनजमिनीच्या बायका तो वेचतात आणि तो वेचणारीचा असतो. मालकानं त्याच्याकडे बघायचं नसतं. हे कोणी कागदावर लिहिलेलं नाही, पण जुनं आहे. मालनबाईच्या हातांना एवढंच कळलं होतं, की पीक निघालेलं रान आहे आणि आपण सरवा वेचतोय.

पण बसच्या दाराशी आप्पाराव उभे होते. त्यांना गाठ दिसली. "मालन, काय हाय ते?"

"बटाटे."

"चोरले?" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की सावलीतले सगळे उठले. "अगं, परमुलखात येऊन चोरी? देशाची अब्रू घालवली! पदर सोड. सोड म्हणतो ना पदर!"

मालनबाईनं गाठीवर मूठ आवळली. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली मला दिसली. फडात बिबट्या आला तेव्हा कोयता घेऊन पुढं झालेली ही बाई, आणि तिचं तोंडही पांढरं पडलं होतं.

"न्हाई सोडत," ती म्हणाली.

नोआ धावत आली. शेगुलाबाईनं तिला सांगितलं, तिचं ऐकलं, आणि आमच्याकडे वळून अवघडून म्हणाली, "ती म्हणते, रागावू नका, पण हे सगळं पेट्यांतून जायचं असतं. गरिबांसाठी आहे हे. घरी न्यायचा नियम नाही."

खरं बोलायचं तर नोआचं काही चुकलं नव्हतं. तिच्या रानात तिचा नियम. मालनबाईनं तिच्याकडे बघितलं आणि शेगुलाबाईला म्हणाली, "तिला सांगा. आमच्याकडं गरिबाला कोणी गाडीनं धाडत न्हाई. गरीब सोता येतो, सोता येचतो, आन उजळ माथ्यानं घेऊन जातो. आन गरीब हुडकायला शेरात कावून जाताव? ही काय तुमच्या म्होरं उभी हाय."

शेगुलाबाईनं सांगितलं. नोआनं टोपी काढून हातात घेतली, मग आप्पारावांना काहीतरी म्हणाली आणि निघून गेली. "राहू द्या म्हणते," शेगुलाबाई म्हणाली.

आप्पारावांना ते राहू द्यायचं नव्हतं. बसमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं, की मालननं माफी मागावी, नाहीतर गावात गेल्या गेल्या तिच्यावर अविश्वास ठराव येईल. असली बाई चेअरमन राहिली तर संस्थेचं नाव जाईल, त्यापेक्षा संस्था विलीन केलेली बरी. सगळा हिशेब तिथंच बाहेर पडला. मालनबाई खिडकीबाहेर बघत होती. गाठ तशीच मुठीत.

दुसऱ्या दिवशी दिमोनाला शेगुलाबाईकडे उतरलो. शुक्रवार होता. सूर्य मावळला की त्यांचा शनिवार लागतो, मग दुसरा दिवस मावळेपर्यंत चूल पेटवायची नाही. म्हातारीची घाई चालली होती. मालनबाईनं स्वयंपाकघरात जाऊन पदराची गाठ तिच्या ओट्यावर सोडली. "ह्ये बी शिजवा. चोरीचे हायेत म्हणतेत."

पिशवीतून येसूर, आमचा घरचा तिखट मसाला, काढून तिनं बटाट्यांना आपल्या हातानं फोडणी दिली. म्हातारी शिंकत शिंकत हसली. मग म्हणाली, "चोरीचे कशानं? आमच्यातसुद्धा फार जुना नेम आहे. शेताचा कोपरा कापायचा नाही, आणि खाली पडलं ते मालकानं मागे वळून उचलायचं नाही. ते गरिबाचं, विधवेचं आणि परक्याचं. आता ट्रक आले, पेट्या आल्या. पण नेम तोच." आणि तिनं विचारलं, "पण तो माणूस पदर सोड म्हणाला, तेव्हा तू एवढी पांढरी का पडलीस?"

मालनबाई फोडणीत चमचा फिरवत राहिली. मग सांगू लागली. बहात्तरच्या दुष्काळानंतरची सुगी होती. तिची आई चंद्रभागाबाई तिला घेऊन नदीकाठच्या रानात सरवा वेचायला गेली होती. शेंगा निघालेल्या होत्या. रानाचा मालक, म्हणजे आप्पारावांचा बाप, बांधावर आला आणि म्हणाला, उभ्या पिकातनं उपटल्यास, पदर सोड. रस्त्यानं बाजारची माणसं चालली होती. ती थांबली. आईनं पदर सोडला. पसाभर शेंगा मातीत पडल्या. त्यानं त्यांवर पाय ठेवला.

"माझी माय पुन्हा कुणाच्या रानात गेली न्हाई. उपास काढले, पर गेली न्हाई. बांधावर त्या बाच्या शेजारी ह्यो उभा हुता, आप्पाराव. मिसरूड फुटलेला. हासत हुता." तिनं चमचा ठेवला. "काल बी तसाच बोलला. तोच शबूद. त्याला आठवत असल का न्हाई, मला म्हाईत न्हाई. मला आठवतंय."

इतकी वर्षं मी तिच्याशेजारी बसून कॅन भरले, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला. आप्पारावांचा तर आलाच, पण तिचाही, की हे तिनं मला सोडून परमुलखातल्या म्हातारीला सांगावं.

शेगुलाबाई म्हणाली, "आम्ही इथं आलो तेव्हा इथल्या धर्मगुरूंनी विचारलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? लग्न लावायचं तर आधी खरेपणा सिद्ध करा म्हणे. एवढी शतकं शनिवार पाळला तो कोणासाठी? मी तान्ही मुलगी घेऊन जेरुसलेमात रस्त्यावर धरणं धरून बसले. पुष्कळ जण म्हणाले, एक कागद लिहून द्या, वाकून मोकळे व्हा."

"मंग?"

"मग काय. वाकलो नाही. त्यांना नियम बदलावा लागला."

मालनबाईनं मान हलवली. तिघींनी ते बटाटे पावाबरोबर खाल्ले. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिखटानं का आणखी कशानं, ते तिलाच माहीत. दिवस मावळत आला. तिनं दिवे लावले, चूल बंद झाली आणि दुसरा सगळा दिवस त्या गावात कोणी काम केलं नाही. मालनबाई नुसती बसून होती. "फडात आमाला कुणी शनवार दिला न्हाई," ती म्हणाली. "मागायला पायजे हुता." शनिवारी संध्याकाळी त्यांच्या देवळात मलिदा झाला. आमच्याकडे दर्ग्यात चपाती आणि गुळाचा मलिदा असतो, त्यांचा पोहे आणि खोबऱ्याचा. आप्पारावांनी तो दोनदा मागून घेतला.

गावात आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बटाट्यांचं पोतं झालं होतं, कोणाच्या तोंडी तर पोलीसही आले होते. आप्पारावांनी घरोघर माणसं फिरवली. बायकांच्या नवऱ्यांना गाठून सांगितलं, की विलीन झालात तर कडबा देतो. गावात कडबा होता तो फक्त त्यांच्याकडेच. पाऊस गेलेला, सगळ्या शिवारात ज्वारी उभी राहिली ती एकट्या त्यांच्या नदीकाठच्या रानात, विहिरीच्या जोरावर. गोठ्यात म्हैस रेकत असली की नवऱ्याला अब्रूबिब्रू सुचत नाही. बायका माझ्याशी बोलताना खाली बघू लागल्या. मी घाबरले. मालनबाईला म्हटलं, "दोन शब्द बोलून टाक. चुकलं म्हण. संस्था वाचू दे."

"चुकलं म्हणलं की संस्था वाचती व्हय? आज बटाटे, उद्या कॅन. न्हाई."

"आणि ठराव झाला तर?"

"तर हुईल. पर माझ्या तोंडानं न्हाई हुनार."

सभेचा दिवस आला. शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी अंथरली होती. निबंधक कार्यालयाचा माणूस खुर्चीवर, शेजारी आप्पाराव. सभासद बायका सतरंजीवर, आणि त्यांचे नवरे पटांगणात लिंबाखाली, गुराखी बसावेत तसे लक्ष ठेवून. छबुबाईही आली होती, सासऱ्यानं आणून बसवलेली. सभेची वेळ झाली तरी मालनबाईचा पत्ता नव्हता. वस्तीतल्या बायकाही नव्हत्या. आप्पाराव म्हणाले, "तोंड दाखवायला लाज वाटत असल." लिंबाखाली कोणी खाकरून हसलं.

तेवढ्यात त्या आल्या. पुढं मालनबाई, मागं संस्थेच्या पहिल्या पाचसहा जणींतली रुक्मिणीबाई आणि वस्तीतल्या सगळ्याजणी. पाय पोटरीपर्यंत धुळीनं भरलेले, तोंडं उन्हानं लाल. तशाच येऊन सतरंजीवर बसल्या.

आप्पारावांनी संघाच्या वतीनं ठराव मांडला. परमुलखातली चोरी, देशाची अब्रू, संस्थेची बदनामी, सगळं रंगवून सांगितलं. मग विचारलं, "मालन, बटाटे उचललेस का न्हाई?"

मालनबाई उभी राहिली. "उचलले. निघालेल्या रानात मागं पडलेले हुते. पुन्हा गेले तर पुन्हा उचलीन."

"म्हंजी कबूल हाय! लिहून घ्या सायब!"

"थांबा सायब. आजून लिहायचंय." तिनं कमरेला खोचलेला पदर काढला. टोकाला मोठी गाठ होती. "आप्पासाहेब, काल तुमची नदीकाठची ज्वारी निघाली. कडबा बांधून तुमी घरी नेला. आज दिस उगवल्यावर आमी समद्या त्या रानात गेलताव. चोरून न्हाई. तुमचा सालगडी बांधावर हुता, त्याला रामराम घालून गेलताव."

आप्पाराव उठले. "माझ्या रानात? कुणाला इचारून?"

"सरव्याला इचारत न्हाईत."

आप्पारावांचा चेहरा मी बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडी काय येणार हे मला कळलं, कारण रागावलेल्या माणसाच्या तोंडी नेहमीचंच येतं.

"पदर सोड," ते म्हणाले.

आणि तिथंच ते थांबले. त्यांना आठवलं होतं. मी शपथेवर सांगते, त्या क्षणी त्यांना बांध आठवला, शेंगा आठवल्या आणि चंद्रभागाबाई आठवली.

"सोडते की," मालनबाई म्हणाली. "माझ्या मायचा पदर तुमच्या बानं सोडवला. त्या परमुलखात तुमी सोड म्हणलाव, तितं सोडला न्हाई. ह्यो म्या सोडते. माझ्या हातानं, माझ्या गावात, समद्यांच्या म्होरं. ठिवा पाय, ठिवायचा आसल तर."

तिनं गाठ सोडली. ज्वारीची कणसं सतरंजीवर पडली, टपोरी, पांढरी. रुक्मिणीबाई उठली आणि तिनंही आपली गाठ सोडली. मग एकेक करून सगळ्याच.

निबंधक कार्यालयाचा माणूस गडबडला. "ठरावाच्या बाजूनं कोण? हात वर करा."

लिंबाखालून नवरे खुणा करत होते. दोनचार हात अर्धवट वर गेले आणि शेजारणीकडे बघून खाली आले. आप्पारावांनी सुनेकडे बघितलं. छबुबाई मांडीवर हात घट्ट धरून बसली होती.

"छबे, हात वर कर," ते म्हणाले.

"न्हाई, मामंजी," छबुबाई म्हणाली, आणि वाकून पुढ्यात घरंगळत आलेलं कणीस उचलून तिनं मालनबाईच्या पदरात ठेवलं.